अण्णांसमोर रेगे

सिंगापूरला जाऊन काय पाहिलंत, असं कुणी विचारलं की मी सांगतो, जटा पाहिल्या. समोरचा माणूस गोंधळतो. त्याला गच्चीवरचा पोहण्याचा तलाव, रात्रीचं प्राणिसंग्रहालय, रस्त्यात कागद टाकला तर होणारा दंड, असलं काहीतरी ऐकायचं असतं. ते सगळं तिथे आहे म्हणतात. मला त्यातलं फारसं दिसलं नाही. मी बराच वेळ एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर बसून होतो, आणि माझ्यासमोर कमरेपर्यंत पांढऱ्या जटा सोडलेला एक गृहस्थ, डोळे मिटून, जगाच्या अंतिम न्यायाबद्दल गात होता.

गेलो होतो अगदी साध्या कामाला. विवेक हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. गेली वीसेक वर्षं तो सिंगापूरला एका बँकेत आहे. आता तिथलाच झालाय. त्याची आई गेल्यावर त्याने वडिलांना, म्हणजे अण्णांना, आपल्याकडे नेलं. अण्णा निवृत्त जिल्हा न्यायाधीश, वय ब्याऐंशी, गुडघा अधू, आवाज खणखणीत. दीड वर्ष ते तिथे राहिले आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, ‘मी पुण्याला परत जातो. कायमचा.’ कारण दिलं नाही. एकट्याने विमानप्रवास करू द्यायचं वय नाही, म्हणून विवेकने मला फोन केला.

‘मन्या, नऊ दिवस ये. फीर, खा. जाताना अण्णांना घेऊन जा.’

मी पुण्यात गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन करतो. गायक घसा साफ करतात, वादक सूर जुळवतात, तेवढ्यात श्रोत्यांनी बटाटेवडा खायला उठू नये म्हणून जो माणूस बोलत राहतो, तो मी. त्या आठवड्यात पुण्यात कुणालाच माझी गरज नव्हती. मी निघालो.

विमानात भरायला दिलेल्या कार्डावर लाल अक्षरांत छापलेलं होतं की अमली पदार्थ आणाल तर मृत्युदंड. मी खिशातली बडीशेपेची पुडी दोनदा हुंगून पाहिली आणि शेवटी सगळी तोंडात टाकली. इमिग्रेशनवरच्या बाईंनी काहीतरी विचारलं तेव्हा मला बोलता येईना. मी नुसतं हसलो. त्यांनी शिक्का मारला.

बुकित बातोक

विवेकचं घर बुकित बातोकला, सरकारी इमारतीत, चौदाव्या मजल्यावर. आपल्याकडे सरकारी वसाहत म्हटलं की पोपडे डोळ्यांसमोर येतात. इथे लिफ्टला अत्तराचा वास होता. अण्णा खिडकीशी खुर्ची टाकून खालचा बसथांबा बघत होते. मी वाकून नमस्कार केला.

‘बस वेळेवर येते,’ ते म्हणाले. ‘दीड वर्ष बघतोय. एकदासुद्धा चुकली नाही. आता माणसाने बघायचं तरी काय?’

संध्याकाळी विवेक ऑफिसातून आला. ‘अण्णा, जेवलात?’ ‘हो.’ ‘औषध?’ ‘घेतलं.’ संपलं. बापलेकांचा दिवसभराचा संवाद एवढाच. विवेकची बायको गौरी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, ‘भावजी, दोघं चांगले आहेत हो. पण एका खोलीत बसले की मला वाटतं मीच पाहुणी आहे.’

आणि मग तिथेच, मिक्सरच्या आवाजाआड, विवेकने मला ती बातमी सांगितली. तो चार वर्षं एका बँडमध्ये बासगिटार वाजवतोय. रेगे वाजवतात.

मी मोठ्याने हसलो. विवेकला मी ओळखतो तो इस्त्रीच्या शर्टातला, मतदानाला सुद्धा रांगेत पहिला उभा राहणारा विवेक. कॉलेजात असताना त्याने एकदा गिटार आणली होती. अण्णांनी ती त्याच दिवशी दुकानात परत पाठवली. ‘परीक्षेत हे उभं राहून उत्तरं देणार आहे का?’ असं काहीसं म्हणाले होते.

‘त्यांना माहितीये?’ मी विचारलं.

‘दर शनिवारी ते काळं लांबडं खोकं घेऊन दारातून बाहेर पडतो. दिसत असेलच. पण कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.’ मग त्याने मिक्सर बंद केला, आणि तरीही हळूच बोलला. ‘मन्या, पुढच्या शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. रविवारी तुमचं विमान. मला एवढंच हवंय रे, जाण्याआधी एकदा त्यांनी ऐकावं.’

मुंबईहून एक भावगीत गायक यायचा होता, त्याचा घसा बसला, म्हणून इथल्या मराठी मंडळींच्या स्नेहमेळाव्यात विवेकच्या बँडला जागा मिळाली होती. कार्याध्यक्षीणबाईंनी एकच अट घातली होती: गाणी इंग्रजी चालतील, पण प्रत्येक गाण्याआधी मराठीत निवेदन हवं. आपला कार्यक्रम आहे, निवेदन नको?

विवेक माझ्याकडे बघत होता. मला फुकट बोलावण्यामागचं दुसरं कारण आत्ता माझ्या लक्षात आलं.

गॅरेजच्या वर

बुकित बातोकच्या एका टोकाला लहान लहान कारखाने आहेत. खाली मोटारी दुरुस्त होतात आणि वरच्या मजल्यावर तासाच्या भाड्याने तालमीची खोली मिळते. तिथे ड्रमवर एक चिनी दंतवैद्य होता, गिटारवर शाळेत शिकवणारी एक मलय बाई, बासवर आमचा विवेक, आणि मधोमध जोसेफ. त्याला सगळे अंकल जो म्हणतात. वय सत्तरीच्या आसपास. आजोबा तमिळनाडूतून रबराच्या मळ्यावर मजूर म्हणून आणलेले. हा स्वतः मालवाहू जहाजावर होता. तरुणपणी एकदा जहाज बिघडलं आणि कित्येक महिने जमैकाच्या किंग्स्टन बंदरात अडकून पडलं. बाकीचे खलाशी कंटाळले. जोसेफ गावात गेला, तो डोक्यावर जटा आणि कंठात रेगे घेऊनच परतला.

‘म्हणजे तुम्ही रास्ता? त्या जटावाल्या पंथातले?’ मी विचारलं. ‘मग तो... धूर?’ मी दोन बोटं ओठांशी नेली.

‘सिंगापूरमध्ये? वेडा का ला तू?’ बोलताना असा ‘ला’ लावायची तिथे सगळ्यांनाच सवय आहे. त्याने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे चंदनाची उदबत्ती जळत होती. ‘लिटिल इंडियातून आणतो. देवाला पोचते.’

ज्यांना रेगे म्हणजे समुद्रकिनारा, रंगीत टोपी आणि आळसावलेलं संगीत वाटतं, आणि परवापर्यंत मलाही तसंच वाटत होतं, त्यांच्यासाठी जोसेफने मला चहाच्या सुट्टीत सांगितलं ते सांगतो. जमैकातली बहुतेक माणसं आफ्रिकेतून साखळदंड घालून उसाच्या मळ्यांवर आणलेल्यांची नातवंडं-पतवंडं. मालकांकडून त्यांना बायबल मिळालं, निमूट राहायला शिकावं म्हणून. त्यांनी ते उघडलं आणि त्यात त्यांना आपलीच गोष्ट सापडली. एक लोक होते, त्यांना पकडून बॅबिलॉन नावाच्या शहरात नेलं, तिथे ते नदीकाठी बसून आपल्या देशासाठी रडत. मग मळा बॅबिलॉन झाला, मालक बॅबिलॉन झाला. गुलामी गेली तरी पोलीस, कचेरी, सावकार, सगळं मिळून बॅबिलॉनच राहिलं. आफ्रिका ही परतायची भूमी झाली. देवाला ते ‘जाह’ म्हणतात. तो वर कुठेतरी नाही, प्रत्येक माणसात आहे, म्हणून ते ‘आम्ही’ न म्हणता ‘मी आणि मी’ म्हणतात. आणि एक दिवस जाह न्याय करणार. बॅबिलॉन कोसळणार. तलवारीने नाही, नुसतं खरं बोलून बोलून.

‘इथिओपियाचा सम्राट म्हणजेच देव, असंही ऐकलंय,’ मी म्हणालो.

‘ते मला विचारू नकोस. तो वाद किंग्स्टनच्या चहाच्या टपऱ्यांवरसुद्धा मिटलेला नाही.’

मग ते वाजवायला लागले आणि माझी पंचाईत झाली. आयुष्यभर तबल्याशेजारी उभा राहिलेला मी माणूस. आमच्याकडे समेवर सगळे मिळून उतरतात; गायक उतरतो, तबला उतरतो, पहिल्या रांगेतले काका मांडीवर थाप मारतात. इथे पहिल्या मात्रेला दंतवैद्य हात वर धरून बसलेला! गिटारही गप्प. माझा हात मांडीवर पडला आणि खोलीत एकटाच वाजला. पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी मी हातावर बसलो.

जोसेफ हसून म्हणाला, ‘मळ्यावर पहिला फटका मालकाचा असायचा. तो आम्ही वाजवत नाही.’

हे त्याने स्वतःच रचलेलं असावं. खरंखोटं शोधायला मी गेलो नाही. इतकं चांगलं वाक्य मी पाहुणा म्हणून आलेला असताना तपासणं बरं दिसत नाही. पण त्यानंतर मला विवेकचा बास ऐकू यायला लागला. त्या रिकाम्या जागेच्या खालून तो चालत होता, सावकाश, जमिनीला धरून, जड पाटी डोक्यावर घेतलेल्या माणसासारखा. गाणं त्याच्यावर उभं होतं. माझा इस्त्रीचा मित्र डोळे मिटून गुडघ्यातून डुलत होता.

शेवटचं गाणं जोसेफने स्वतः केलेलं. ते सुरू झालं तसा विवेक चुळबुळायला लागला. संपल्यावर म्हणाला, ‘अंकल, शनिवारी हे एक सोडून देऊ या का?’

‘का?’

‘हे न्यायाधीशाला उद्देशून आहे.’

‘मग?’

‘माझे वडील न्यायाधीश होते.’

जोसेफने जटा खांद्यावरून मागे टाकल्या. ‘हे गाळायचं असेल तर गायक दुसरा बघ.’ राग नव्हता त्यात. नुसतं सांगितलं.

वुडलँड्स

रविवारी जोसेफने आम्हाला जेवायला बोलावलं, अण्णांसकट. अण्णा कुठे जात नाहीत; पण मी त्यांना सांगितलं की यजमान जटाधारी आहे, शाकाहारी आहे आणि मीठसुद्धा खात नाही. अण्णांनी चष्मा वर केला. ‘कुठला मठ?’

जोसेफ उत्तरेला वुडलँड्सला राहतो. त्याच्या खिडकीतून पलीकडचा मलेशिया दिसतो. वाटेत एका हॉकर सेंटरवर, म्हणजे एका छपराखालच्या खाऊगल्लीत, चहाला थांबलो, तिथे मी एक उद्योग केला. सगळी टेबलं भरलेली आणि एक मोकळं, त्यावर कुणीतरी कागदी रुमालांचं छोटं पाकीट विसरून गेलेलं. मी खुर्ची ओढली, पाकिटातल्या रुमालाने घाम पुसला, आणि विजयी मुद्रेने सगळ्यांना हाका मारल्या. तेवढ्यात एक चिनी आजी नूडल्सचं ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिकडे पाकीट ठेवलं की टेबल राखलेलं असतं. तिथे कुणी तसल्या पाकिटाला हात लावत नाही. आपल्या एसटीत खिडकीतून टाकलेल्या रुमालाची जात तीच. फक्त आपल्याकडे त्यावर भांडण होतं आणि तिथे होत नाही. आजी नुसती माझ्या कपाळाकडे, तिच्या रुमालाकडे, बघत राहिली. अण्णा म्हणाले, ‘मनोहर, हा अतिक्रमणाचा गुन्हा झाला. मुद्देमालासह.’ दीड वर्षात ते पहिल्यांदा हसले, असं गौरी म्हणाली.

जोसेफकडे भोपळा होता, नारळाच्या दुधात शिजवलेला. भात, राजमा, हिरवी पानं, रताळी. रास्ता लोक याला ‘इटल’ म्हणतात: जमिनीतून आलेलं, शक्य तितकं जसंच्या तसं. मीठ नाही म्हणजे नाही. पहिल्या घासाला मी चमच्याने ताटभर शोध घेतला. उपासाच्या दिवशीसुद्धा आपण सैंधव घालतो हो! आणि माझ्या शेजारी अण्णा, रक्तदाबामुळे वर्षानुवर्षं अळणी जेवणारे, दुसऱ्यांदा भोपळा वाढून घेत होते. ‘शेवटी एक शहाणा माणूस भेटला,’ असं म्हणत.

जेवणानंतर दोघांची जुंपली. म्हणजे भांडण नव्हे. अण्णांना उलटतपासणीला माणूस मिळाला.

‘हे बॅबिलॉन. त्यात कोर्ट येतं का?’

‘न्याय करणारं कोर्ट, नाही अंकल. न्याय न करणारं, येतं ला.’

‘कोणतं कुठलं, ते कसं ओळखायचं?’

‘पिंजऱ्यात उभं राहिलेल्याला विचारायचं.’

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. ‘आमच्याकडे भक्त देवाशीच भांडतात. झोपलास का, म्हणून त्यालाच जाब विचारतात. तुम्ही त्याला न्यायासनावर बसवून मोकळे झालात. मग तुमच्याकडे काय काम उरलं?’

‘साक्ष. गाणं म्हणजे साक्ष, अंकल.’

‘आणि उलटतपासणी?’

जोसेफ इतका हसला की जटा टेबलावर आल्या. मग त्याने विचारलं, अगदी सहज, जसं कुणी विचारतं की गुडघा कधीपासून दुखतोय: ‘माणसाला तुरुंगात पाठवलं की त्या रात्री झोप लागायची?’

विवेकने हातातला ग्लास खाली ठेवला.

‘लागायची,’ अण्णा म्हणाले. ‘न लागून चालत नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डावर चाळीस प्रकरणं असायची.’

परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, अण्णा म्हणाले, ‘शनिवारी मी येईन. मनोहरचं निवेदन ऐकायला.’

माझं. विवेक खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर एकसारख्या इमारती जात होत्या.

क्लेमेंटी

मधल्या दिवसांत आमचा कट शिजला. गाणं जोसेफ गाळणार नाही, ठीक. पण अण्णांचं इंग्रजी निकालपत्राचं, आणि गाण्याचं इंग्रजी किंग्स्टनच्या गल्लीतलं. शब्द त्यांना कळणार नाहीत. कळेल ते फक्त माझं निवेदन. तेव्हा मी सांगायचं की हे निसर्गवर्णन आहे. गाण्यात केळीची बाग येतेच; अगदीच खोटं नाही. विवेकने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. ‘मन्या, केळी. डोंगर. समुद्र. पुढे एक शब्द नाही.’

‘केळी, डोंगर, समुद्र,’ मी म्हणालो.

सभागृह क्लेमेंटीला. बाहेर घरून करून आणलेल्या पदार्थांची टेबलं: साबुदाणा खिचडी, पुरणपोळ्या, कुणाच्या तरी सासूबाईंच्या हातची कोथिंबीरवडी. आत मंडळी नटूनथटून. अण्णा पहिल्या रांगेत, कडक पांढरा सदरा, दोन्ही हात काठीच्या मुठीवर.

पहिलं गाणं सुरू झालं आणि संपूर्ण मराठी समाज समेवर टाळी वाजवू लागला. एकमताने! दंतवैद्याने बिचाऱ्याने कडव्याभर दम धरला, मग त्याची एक काठी हातातून सुटली. विवेक खाली मान घालून नांगरल्यासारखा आपली चाल धरून राहिला म्हणून गाणं तरलं. मध्ये माइक माझ्या हातात देताना जोसेफ माझ्या कानात म्हणाला, ‘इतक्या आत्मविश्वासाने चुकलेली माणसं मी कुठल्याच बंदरात पाहिली नाहीत.’

मी निवेदनात मंडळींना सांगितलं: पहिली मात्रा देवासाठी सोडा, आपण मागाहून या. हशा. टाळ्या. गुलामांची जहाजं सांगितली, डोळे ओले झाले. रबराच्या मळ्यावरचे आजोबा सांगितले, तसा मागून कुणीतरी ‘वा!’ म्हणालं. आता माझी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. टाळ्या पडल्या की माझी जीभ माझी राहत नाही. ती त्या टाळ्यांची होते.

शेवटच्या गाण्यापूर्वी मी पुढे आलो. ‘केळीची बाग,’ मी सुरुवात केली. ‘डोंगर. समुद्र.’ सभागृह शांत. इतकं शांत, की असल्या शांततेसाठी निवेदक आयुष्यभर तडफडतो. आणि मी ऐकलं, माझाच आवाज पुढे म्हणत होता:

‘...आणि त्या बागेतून एक माणूस पकडला गेला. केळ्याचा एक घड चोरल्याबद्दल. त्याला न्यायाधीशासमोर उभं केलं. त्याला सांगायचं होतं की घड माझ्याच झाडाचा आहे. पण न्यायाधीशाने घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती. शिक्षा झाली. आज तो माणूस त्या न्यायाधीशाला सांगतोय: डोंगरावर एक कोर्ट आहे, तिथे घड्याळ नाही. तू तिथे अनवाणी येशील. मीही असेन. मला विचारतील, याच्याबद्दल तुला काय सांगायचंय? मी खरं तेच सांगेन. काही गाळणार नाही. आणि मग म्हणेन, आधी याला पाणी द्या. उन्हातून चालत आलाय.’

मी मागे वळलो. विवेकच्या चेहऱ्याचा रंग त्याच्या पांढऱ्या शर्टासारखा झाला होता. पण दंतवैद्याने काठ्या उचलल्या होत्या, आणि जोसेफ गायला लागला.

गाण्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. मी अण्णांकडे बघत होतो. ते हलले नाहीत. संपलं तेव्हा टाळ्या अर्धवट वाजून थांबल्या, कारण पहिल्या रांगेतले निवृत्त न्यायाधीश काठी टेकत उभे राहिले होते. सगळ्यांना वाटलं, उठून चालले. गौरी अर्धी उठली. विवेकने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढायला घेतला.

अण्णांनी काठी जमिनीवर एकदा आपटली.

‘वन्स मोर.’

कार्याध्यक्षीणबाई लगबगीने आल्या. ‘अण्णासाहेब, वेळ झालीय हो, खिचडी गार होतेय...’

‘वन्स मोर मागितला की द्यायचा असतो,’ अण्णा म्हणाले. ‘मलाही घड्याळ दाखवता?’

बाई बसल्या. बँडने गाणं पुन्हा धरलं. मी अण्णांना हाताला धरून बसवायला गेलो, त्यांनी हात सोडवून घेतला. अधू गुडघ्यावर, दोन्ही हात मुठीवर, ते सबंध गाणं उभ्याने ऐकत राहिले. जोसेफकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. ते विवेकच्या बोटांकडे बघत होते.

टॅक्सीने घरी आलो. विवेकने अण्णांच्या बॅगा भरल्या. झोपायला जाताना तो मला म्हणाला, ‘मन्या, तू माणूस नाहीस.’ मी मान्य केलं.

चांगी

सकाळी अण्णा आंघोळ करून, कपडे करून, जेवणाच्या टेबलाशी बसले होते. आम्हाला वाटलं विमानासाठी.

‘विवेक, बस,’ ते म्हणाले. विवेक बसला. पोरगा निकाल ऐकायला बसतो तसा.

‘ते तुमचं गाणं एकतर्फी आहे.’

‘अण्णा, मी त्यांना सांगत होतो की...’

‘मध्ये बोलू नकोस. आरोपीचं म्हणणं आलं. न्यायाधीशाचं कुठे आहे? त्याला नोटीस नाही, बाजू मांडायची संधी नाही. थेट डोंगरावर अनवाणी. असा निकाल वरच्या कोर्टात टिकत नाही.’

‘अण्णा, गाण्यात वरचं कोर्ट म्हणजे देवच आहे.’

‘मग तर अजिबात टिकणार नाही.’ त्यांनी चहाचा घोट घेतला. ‘एक कडवं वाढवावं लागेल. न्यायाधीशाचं. त्या जोसेफला समोर बसवून करून घ्यावं लागेल. तुमची तालीम शनिवारी असते ना? किती वाजता?’

‘चार,’ विवेक म्हणाला.

‘तिथे लिफ्ट आहे?’

‘आहे. पण अण्णा, आज तुमचं विमान...’

‘मनोहर आहे ना. तो जाईल.’

विवेक उठला आणि आतल्या खोलीत गेला. आम्हाला वाटलं रडायला गेला. तो बॅगा उघडून अण्णांचे सदरे परत कपाटात लावत होता, हँगरवर, इस्त्रीची घडी सांभाळून. गौरीने शिरा केला आणि त्यात साखर दुप्पट पडली. कुणी तक्रार केली नाही.

चांगी विमानतळावरून मी एकटाच परतलो. माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर मी अण्णांसाठी मागवून ठेवलेलं अळणी जेवण आलं. मी हवाई सुंदरीला सांगितलं, प्रवाशाची सुनावणी लांबलीय. तिने मला पाणी आणून दिलं.

महिन्याभराने विवेकने फोनवर तालमीचं रेकॉर्डिंग पाठवलं. खालच्या गॅरेजमधला ठोकाठोकीचा आवाजही त्यात आहे. गाणं ओळखीचं, डोंगर येतो, पाणी येतं, आणि मग जोसेफच्या आवाजात नवं कडवं. न्यायाधीश म्हणतो: मी घड्याळाकडे पाहिलं ते भुकेने नाही. तुझ्याकडे पाहिलं असतं, तर मला शिक्षा देता आली नसती.

तेवढ्यात अण्णांचा खणखणीत आवाज येतो. ‘थांबा, थांबा. ‘देता आली नसती’ यावर जोर हवा. ते घाईने गेलं.’

गाणं थांबतं. जोसेफ थांबतो, गिटार थांबते, दंतवैद्य थांबतो. अण्णा समजावून सांगायला लागतात, चांगले सविस्तर, पूर्वी निकाल वाचताना बोलत असतील तसे. आणि त्यांच्या शब्दांच्या खालून, त्यांना न अडवता, विवेकचा बास तसाच चालू राहतो.